नांगरलेल्या शेतात सापडलेली दातेरी चकती : ही वस्तू कोणती असावी?

शेतवाट | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात राहते आणि गेली सहा वर्षे धातुशोधक यंत्र घेऊन शेते पालथी घालण्याचा छंद जोपासते आहे. आज न्यूअर्क गावापासून काही मैलांवरच्या, नुकत्याच नांगरून झालेल्या एका शेतात गेले होते. शेतकऱ्याची लेखी परवानगी आहे आणि काही मौल्यवान निघाले तर निम्मे त्याचे, निम्मे माझे असा आमचा करार आहे. सकाळपासून काडतुसांची पितळी बुडे, ट्रॅक्टरचे दोन नट आणि चमच्याचा तुटका दांडा एवढीच कमाई झाली होती. दुपारी तीनच्या सुमारास यंत्राने एकदम भरदार आवाज दिला, म्हणून खुरप्याने वीतभर खोल माती उकरली, तेव्हा ओल्या चिकणमातीच्या ढेकळात ही चकती निघाली.

चकतीचा व्यास ३८ मिलिमीटर आणि जाडी साधारण २ मिलिमीटर आहे. रंग पांढरट राखाडी असून आकाराच्या मानाने ती हाताला चांगलीच जड लागते. कडेला करवतीसारखे १४ दाते आहेत, मात्र ते एकसारखे नाहीत. काही खोल, काही उथळ, जणू कोणी सुरीने घाईघाईने कापले असावेत. मध्यभागाच्या जवळ दोन भोके आहेत आणि त्यांच्यातले अंतर ९ मिलिमीटर भरते. अक्षर, चित्र, शिक्का यांपैकी काहीही कोणत्याही बाजूला नाही.

पाच फोटो जोडले आहेत. ही वस्तू कोणती असावी, याविषयी जाणकारांनी आणि अंदाज बांधणाऱ्यांनीही अवश्य लिहावे.

घड्याळजी | रविवार, रात्री १०:०५

आमच्या घरी तीन पिढ्या घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय होता, त्यामुळे दातेरी चाक म्हटल्यावर राहवले नाही. हे घड्याळाचे चाक नव्हे, असे खात्रीने सांगतो. चाकाचे दाते एकसारखे नसतील तर ते दुसऱ्या चाकात बसणारच नाही, आणि चाकाला आसासाठी मधोमध एकच भोक लागते. शिवाय चाके पितळेची करतात; एवढ्या मऊ दिसणाऱ्या धातूचे दाते आठवडाभरही टिकणार नाहीत.

जाता जाता एक शंका : दुसऱ्या फोटोत मला तेराच दाते दिसतात. सावलीमुळे चूक होत असेल, तरी एकदा पुन्हा मोजून पाहावेत.

सुगरण_नाशिककर | रविवार, रात्री १०:३०

फोटो पाहताक्षणी माझ्या तोंडून ‘अगबाई, कातणं!’ असेच निघाले. करंजीची कड कापण्याचे जे दातेरी चाक असते, ते दांडीतून निखळून पडले तर हुबेहूब असेच दिसेल. त्या लोकांकडेही काठ दुमडून भाजायचे पदार्थ असतातच, तेव्हा त्यांच्याकडे कातणे नसेल असे समजण्याचे कारण नाही. दिवाळी तोंडावर आल्यामुळे मला सगळीकडे करंज्याच दिसत आहेत, हा आरोप आधीच मान्य करून टाकते.

तटबंदी | रविवार, रात्री ११:१२

ताई, न्यूअर्क म्हटल्यावर कान टवकारले. इंग्लंडच्या यादवी युद्धात हे गाव राजा पहिला चार्ल्स याच्या बाजूने लढले आणि १६४३ ते १६४६ या काळात त्याला तीनदा वेढा पडला. तेव्हा ही वस्तू लष्करी असण्याचा संभव मोठा आहे. माझा कौल घोडेस्वाराच्या टाचेवरच्या काटेरी चाकाला.

शेतवाट | सोमवार, सकाळी ७:५०

सर्वांचे आभार. सुगरणताई, कातण्याची कल्पना फार आवडली, पण घड्याळजींनी सांगितलेली अडचण तिथेही येते : फिरणाऱ्या चाकाला मध्यावर एकच भोक हवे, आणि हिला मध्य सोडून दोन आहेत. तटबंदी, टाचेच्या काट्याचेही तेच, शिवाय या चकतीने टोचले तर घोड्याऐवजी चकतीच वाकेल. पाचव्या फोटोतला ओरखडा माझ्याच खुरप्याचा आहे. नुसता ओझरता लागला तरी धातू सोलला गेला आणि आतून चकचकीत दिसला.

वजनकाटा | सोमवार, सकाळी ९:१५

धातू कोणता, हे आधी नक्की केल्यास निम्मे अंदाज आपोआप गळतील. आपल्याकडे ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा असेल तर असे करावे : प्रथम चकतीचे कोरडे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा, चकती बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण बुडाला किंवा कडेला टेकणार नाही अशी पाण्यात लोंबकळत धरावी, आणि काट्यावर जो आकडा येईल तो टिपून घ्यावा. तेवढे घनसेंटिमीटर हे तिचे आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. कथील ७.३, तांबे ८.९, चांदी १०.५ आणि शिसे ११.३ एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

मोडीवाचक | सोमवार, सकाळी ११:०२

धातू शिसे निघाल्यास माझा अंदाज कापडाच्या गठ्ठ्यावरील मोहोरेकडे झुकतो. इंग्लंडमध्ये विक्रीचे कापड मापात आणि दर्जात बसते की नाही, हे पाहून सरकारी तपासनीस त्याला शिशाची मोहोर ठोकत असे, आणि ही पद्धत कित्येक शतके चालू होती. अशा मोहोरा शेतांतून वारंवार सापडतात. अर्थात त्यांवर काही ना काही छाप असतो आणि दोन चकत्यांना जोडणारी पट्टी असते, ही अडचण मी स्वतःच नोंदवून ठेवतो.

खट्याळ_खापर | सोमवार, दुपारी १:२०

माझ्या मते हा ताईत असून त्यात मागील मालकाची धातुशोधक यंत्रांपासून सुटका व्हावी असा मंत्र होता. मंत्र कुचकामी निघाला.

शेतवाट | सोमवार, रात्री ८:१०

वजनकाटा यांनी सांगितल्याप्रमाणे स्वयंपाकघरात प्रयोग केला. कोरडे वजन २३.४ ग्रॅम भरले. पाण्यात लोंबकळत धरल्यावर काटा २.१ वर स्थिरावला. म्हणजे घनता ११.१ च्या आसपास येते, तेव्हा हे शिसेच. चांदी असती तर काट्याने २.२ दाखवले असते, आणि एवढ्या थोडक्या फरकाने माझी चांदी हुकली हे वाचून मिस्टरांना नको तितका आनंद झाला.

मोडीवाचक, भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या. छाप नाही, आणि पट्टी तुटल्याची खूणही कडेला नाही.

तटबंदी | सोमवार, रात्री ९:००

शिसे! मग बंदुकीची गोळी ठोकून चपटी केली असणार. वेढ्यात अडकलेल्या सैनिकाजवळ गोळ्या भरपूर आणि वेळही भरपूर. हिशेबही करून पाहिला : दाते कापण्यापूर्वीचे वजन २६ ग्रॅम धरले तर साधारण १६ मिलिमीटर व्यासाची गोळी होते, आणि ती त्या काळच्या एखाद्या बंदुकीत सहज बसू शकेल. पण चपटी करून तिचे काय केले, हे मात्र सुचत नाही.

पाचवा_फलाट | सोमवार, रात्री १०:४५

मी सहसा नुसता वाचतो, पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

माझे बालपण मनमाडच्या रेल्वे वसाहतीत गेले. स्टेशनवरच्या स्टॉलपाशी थंड पेयांच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे पडलेली असत, ती आम्ही खिसे फाटेपर्यंत गोळा करीत असू. दगडाने ठोकून किंवा मोठ्यांचा डोळा चुकवून रुळावर ठेवून ती चपटी करायची (रुळाचा प्रकार आज कोणी मुलांना शिकवू नये, आम्ही त्यासाठी मार खाल्लेला आहे), मग खिळ्याने मध्याच्या दोन बाजूंना दोन भोके पाडायची, त्यांतून आईच्या शिवणाच्या डब्यातला जाड दोरा ओवून टोके बांधायची. दोऱ्याचे दोन फास दोन हातांच्या बोटांत अडकवायचे, मधली चकती पंचवीसतीस वेळा गरगर फिरवून पीळ द्यायचा आणि हात बाहेर ताणायचे. पीळ सुटताना चकती जोरात फिरते, त्याच जोरात उलटा पीळ भरते, आणि ताण-सैल, ताण-सैल अशी लय एकदा साधली की ती भुंग्यासारखी गुंगुं आवाज करीत राहते. आम्ही तिला भिंगरी म्हणत असू. शेजारच्या पोराच्या भिंगरीचा दोरा आपल्या भिंगरीच्या दात्यांनी कापणे हा त्यातला खरा पराक्रम.

आता चौथा फोटो पुन्हा पाहा. चपट्या केलेल्या बुचालाही कडेने असेच दाते राहतात, आणि दोन भोकेही अशीच. ताई, तुम्हाला कोणाची तरी भिंगरी सापडली आहे.

सुगरण_नाशिककर | सोमवार, रात्री १०:५८

कातणे मागे घेतले. आमच्या गल्लीत हिला फिरकी म्हणत, आणि माझ्या भावाने माझ्या वेणीत ती अडकवली होती. गुंता सुटेना तेव्हा आईने शेवटी कात्री आणली.

काठावरचा | मंगळवार, सकाळी ८:३०

उत्साहावर थोडे पाणी टाकतो. ‘मी लहानपणी असे पाहिले’ हा पुरावा होत नाही. दोन भोकांची चकती म्हटल्यावर पहिला विचार गुंडीचा यायला हवा, दुसरा मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या वजनाचा. न्यूअर्कला ट्रेंट नदी जवळच आहे. आणि जी वस्तू मनमाडला सुचली तीच वस्तू नॉटिंगहॅमशायरच्या मुलांनाही सुचली होती, हे गृहीत धरण्याऐवजी सिद्ध करायला हवे.

घड्याळजी | मंगळवार, सकाळी ९:४०

काठावरचा यांचा आक्षेप रास्त आहे, आणि त्याची परीक्षा भोकांतच आहे. गुंडी असेल तर दोरा दोन भोकांच्या मधल्या पुलावरून जातो, त्यामुळे पुलावर निदान एका बाजूला खोबण पडेल. जाळ्याचे वजन असेल तर दोरी बहुधा बाहेरच्या दिशेने ओढली जाते, म्हणजे भोके कडेच्या बाजूला झिजतील. भिंगरीत मात्र पीळ पडलेले दोन्ही पदर चकतीच्या अगदी जवळ एकत्र येतात, म्हणून भोके एकमेकांच्या दिशेने झिजायला हवीत, तीही दोन्ही बाजूंनी सारखीच. शेतवाटताई, भिंग हाताशी आहेच.

(दाते मोजले का?)

शेतवाट | मंगळवार, रात्री ९:२५

मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा आडवा धरून अर्धा तास पाहिले. भोके मुळात गोल असावीत, पण आता ती ज्वारीच्या दाण्यासारखी एका बाजूला निमुळती झाली आहेत, आणि दोन्हींची निमुळती टोके एकमेकांकडे आहेत. चकती उलटली तरी तेच दिसते. मधला पूल मात्र सपाट आहे, त्यावर खोबण नाही. भोकाच्या आतली झिजलेली कड गुळगुळीत आहे आणि तिथले पुटही बाकीच्या चकतीसारखेच पांढरट आहे, म्हणजे झीज अलीकडची नसावी.

मूळ चकतीत दोरा ओवण्याचा मोह झाला होता, पण जुने शिसे ठिसूळ झालेले असू शकते आणि ते हाताळल्यावर हात धुवावे लागतात, असल्या वस्तू फिरवायला काढणे शहाणपणाचे नाही. म्हणून बिस्किटांच्या डब्याच्या जाड पुठ्ठ्याची त्याच मापाची प्रतिकृती कापली. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा दोरा तुटला, तिसऱ्यांदा ती फिरली. मग दात्यांशिवाय दुसरी गोल चकती केली आणि आलटून पालटून फिरवली. दातेरी चकतीचा आवाज स्पष्टपणे मोठा आणि घोगरा येतो. एवढ्या कष्टाने दाते कशाला कापले असतील, याचे उत्तर मला तरी मिळाले.

अर्धवट_अभियंता | मंगळवार, रात्री १०:१०

हे खेळणे वाटते तितके पोरकट नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाच्या गटाने २०१७ साली याच तत्त्वावर कागदाचे रक्तविलगक यंत्र तयार करून दाखवले. कागदाची चकती, दोरा आणि हातात धरायच्या दोन मुठी, खर्च अवघा २० सेंट, आणि वेग मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत. त्यात रक्ताची बारीक नळी ठेवून फिरवले की दीड मिनिटात रक्तद्रव वेगळा होतो. वीज नसलेल्या ठिकाणी हिवतापासारख्या रोगाचे निदान करता यावे, हा हेतू.

शिशाची निवडही समजण्यासारखी आहे. जड चकतीत फिरण्याचा जोर अधिक साठतो, म्हणून उलटा पीळ भरायला तो पुरतो. शिवाय शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे घरच्या चुलीवरही ते ओतता येते आणि साध्या सुरीने कापता येते.

मोडीवाचक | मंगळवार, रात्री ११:००

काठावरचा यांनी मागितलेल्या पुराव्याविषयी. उत्तर युरोपात व्हायकिंग काळातील वसाहतींच्या उत्खननात डुकराच्या पायाची छोटी हाडे सापडतात, ज्यांना मधोमध आरपार भोक पाडलेले असते, आणि ती अशीच दोऱ्यावर फिरवून आवाज काढण्याची खेळणी असावीत असे मानले जाते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील लष्करी तळांवर तर बंदुकीच्या गोळ्या ठोकून केलेल्या, दोन भोकांच्या दातेरी चकत्या मिळालेल्या आहेत. तेव्हा तटबंदी यांची गोळीही अगदीच वाया गेलेली नाही.

काठावरचा | बुधवार, सकाळी ८:०५

भोकांच्या झिजेपुढे माघार घेतो. गोळीपुढे मात्र घेत नाही. शिसे काही फक्त गोळ्यांत नव्हते. देवळांची छपरे, खिडक्यांच्या काचा धरणाऱ्या पट्ट्या, पाण्याचे नळ, सगळीकडे शिसेच होते. वजन जुळते म्हणून गोळी म्हणायची, तर माझ्या घरच्या २६ ग्रॅमच्या खोबऱ्याच्या वडीलाही गोळी म्हणावे लागेल.

तटबंदी | बुधवार, सकाळी ९:३०

वडी पाठवून द्यावी, वेढ्यात उपयोगी पडेल.

खरे सांगायचे तर हा सगळा प्रकार वाचून मलाही एखादे यंत्र घ्यावेसे वाटू लागले आहे. आमचा गट दर पंधरवड्याला एका किल्ल्यावर जातो. वर काय काय पडलेले असेल!

पुराव्याचा_कायदा | बुधवार, सकाळी १०:१५

तटबंदी, कृपा करून तसे करू नये. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय उकरणे हा गुन्हा आहे, आणि केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, इतकी त्या जमिनीची काळजी कायद्याने घेतली आहे. इतरत्र जमिनीत पुरलेले काही सापडले तरी १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो : दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वर आपल्याकडे ‘गुप्तधन’ या शब्दाला जो काळा इतिहास चिकटला आहे, त्यापायी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला.

खट्याळ_खापर | बुधवार, सकाळी १०:२२

दहा रुपये? म्हणजे शेतात वडापाव सापडला तरी जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचे.

तटबंदी | बुधवार, सकाळी ११:००

समजले. यंत्राचा विचार सोडला. वरती जे पडले आहे ते तिथेच बरे.

मोडीवाचक | बुधवार, दुपारी १२:४०

तिकडे नियम कसा आहे, हे शेतवाटताईंनी सांगितल्यास इतरांनाही कळेल. आणि खेळणे जर मुलाचे, तर ते गावापासून दूर, भर शेतात कसे पोहोचले?

शेतवाट | शनिवार, रात्री ८:३०

उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात चकती अधिकाऱ्यांना दाखवून आले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे ३०० वर्षांपेक्षा जुनी आणि निदान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू ‘ठेवा’ ठरते आणि ती १४ दिवसांच्या आत कळवावी लागते. नाण्यांचे नियम थोडे वेगळे आहेत, आणि २०२३ पासून विशेष महत्त्वाच्या इतर धातूंच्या २०० वर्षांवरील काही वस्तूही त्यात आल्या. बाकीच्या शोधांची नोंद ऐच्छिक आहे. ती ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालील योजनेत होते, आणि जवळपास प्रत्येक परगण्यात त्यासाठी एक अधिकारी असतो.

आमच्या अधिकारी बाईंनी चकती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मी तोंड उघडण्याआधीच दोन्ही हातांच्या तर्जन्या समोर धरून ताण-सैल अशी खूण केली. पाचवा फलाट, मला त्या क्षणी तुमचे मनमाड आठवले. अशा चकत्या त्यांच्याकडे वरचेवर येतात. काळ मात्र नेमका सांगता येत नाही, कारण नांगरलेल्या मातीत वस्तूचा थर शिल्लक राहत नाही आणि या खेळण्याचे रूप शतकानुशतके जवळपास तेच राहिले. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंत कधीचेही असू शकेल. गोळीपासून केली का, याला ‘शक्य आहे, पण सांगता येणार नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

शेतात कशी पोहोचली, याचेही उत्तर त्यांनीच दिले. गावातली राख, केरकचरा आणि मैला गाड्यांत भरून शेतांवर खत म्हणून पसरत असत, आणि घरातून हरवलेल्या गुंड्या, नाणी, खेळणी त्याबरोबर निघून जात. थोडक्यात, सोने शोधायला निघालेल्या मला सोनखतातली भिंगरी मिळाली.

परतताना शेतकऱ्याच्या घरी थांबले, कारण निम्मी चकती कायद्याने नव्हे तरी कराराने त्याची आहे. त्याच्या ऐंशी ओलांडलेल्या आईने ती पाहिली आणि काही न बोलता आत जाऊन शिवणाचा डबा आणला. त्यातून कोटाची एक मोठी काळी गुंडी काढली, दोरा ओवला आणि पहिल्याच प्रयत्नात गुंगुं फिरवून दाखवली. मला तीन प्रयत्न लागले होते.

पाचवा_फलाट | शनिवार, रात्री ८:५५

आजींना माझा नमस्कार सांगा. दोरा कापण्याचा डाव त्यांच्याकडे होता का, तेही विचारा.

घड्याळजी | शनिवार, रात्री ९:१०

सर्व उत्तम झाले. पण मी तिसऱ्यांदा विचारतो : दाते किती?

शेतवाट | शनिवार, रात्री ९:४८

आत्ता दिव्याखाली धरून, एका दात्याला खडूचा ठिपका लावून मोजले. तेरा आहेत. सरकारी नोंदीत मी सांगितल्याप्रमाणे चौदा गेले आहेत. सोमवारी बाईंना कळवते.